निसळ भाऊसाहेबांचे गुडघे

नृसिंहराव निसळांचे दोन्ही गुडघे उत्तम होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे राजुरात या गुडघ्यांविषयी इतकं बोललं गेलं, त्यांच्यावर इतके पाले बांधले गेले आणि इतकी तेलं जिरवली गेली, की एका टप्प्यावर खुद्द नृसिंहरावांनाच त्यांच्याविषयी शंका वाटू लागली होती.

गोष्ट एकाहत्तर सालच्या थंडीतली. नगरहून राजूरच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून बदली होऊन त्यांना सहा-सात महिने झाले होते. मुलगी लीना मॅट्रिकला, म्हणून बायको नीलांबरी तिच्याबरोबर नगरलाच राहिली. नृसिंहरावांनी सहादेव नावाच्या शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्याने घेतली, स्टोव्हला पिना मारायला शिकले आणि बदलीचे तीन अर्ज केले. पहिल्यात पत्नीची प्रकृती हे कारण दिलं, दुसऱ्यात न मानवणारी हवा, तिसऱ्यात मुलीचं शिक्षण. तिन्ही अर्ज 'कारण पुरेसे वाटत नाही' असा शेरा घेऊन परत आले. खरं कारण अगदी साधं होतं, पण ते सरकारी भाषेत कसं लिहायचं हे त्यांना कळेना. त्यांना करमत नव्हतं.

कचेरीचे दिवस कसेबसे जात. रविवार मात्र जाता जात नसे. सकाळी कपडे धुवावेत, पिठलं-भात करून जेवावं, भांडी घासावीत आणि घड्याळाकडे बघावं तर अजून अकरासुद्धा वाजलेले नसत. खोलीबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलं की येणारा-जाणारा "रामराम, भाऊसाहेब" म्हणे. तेही "रामराम" म्हणत. संभाषण तिथेच संपे. गावात त्यांना मान होता, आणि मानाची अडचण अशी की तो लांबूनच द्यायची पद्धत आहे.

अशात जवळचं धरण बघायला वेबर नावाचा एक जर्मन इंजिनिअर आला. कचेरीत इंग्रजी बोलण्याची हिंमत असलेले एकटे नृसिंहराव, म्हणून त्याची देखभाल त्यांच्याकडे आली. दोन दिवस ते त्याच्याशी बोलले. इंग्रजी दोघांचंही सारखंच कच्चं असल्यामुळे कुणालाच कमीपणा वाटला नाही. वेबरसाहेब रोज पहाटे एखादा डोंगर चढून येई, आणि चढताना दोन्ही हातांत एकेक काठी असे. त्या ॲल्युमिनियमच्या काठ्या होत्या. वर कातडी मूठ, मनगटात अडकवायला चामड्याचा पट्टा, खाली अणकुचीदार टोक आणि टोकाच्या चार बोटं वर एक गोल कडं. बर्फात काठी रुतू नये म्हणून ते कडं, असं त्याने समजावून सांगितलं. राजुरात बर्फ फक्त लग्नसराईत येई, तोही संगमनेरहून भुशात गुंडाळून. पण नृसिंहरावांनी ते मध्येच सांगितलं नाही. समोरचा माणूस आपल्याशी इतका वेळ बोलतो आहे, त्याला कशाला तोडा.

जाताना साहेबाने काठ्या त्यांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, तुम्हीही जात जा. मग त्याची जीप गेली, आणि राजुरात पुन्हा रामराम सुरू झालं.

पुढच्या रविवारी नृसिंहरावांनी कॅनव्हासचे बूट घातले, कानाला मफलर गुंडाळला, मनगटांत पट्टे अडकवले आणि गावामागच्या डोंगराकडे निघाले. रस्ता गावातूनच होता. दगडी फरसबंदीवर काठ्यांचा टकटक आवाज होऊ लागला तसं एकेक दार उघडलं. हॉटेलाच्या बाकड्यावर काकासाहेब बसले होते. काकासाहेब म्हणजे गावचे जुने पुढारी. पदावर नसले तरी गावातली कुठलीही गोष्ट त्यांना कळल्याशिवाय घडली असं मानण्याची पद्धत नव्हती.

"भाऊसाहेब, मच्छरदानीचे दांडे कुठं चालवले?"

"दांडे नाहीत, काकासाहेब. चालायच्या काठ्या आहेत. डोंगर चढताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. या दोन काठ्या घेतल्या की तो हातांवर वाटला जातो."

"गुडघ्यांवर," काकासाहेब म्हणाले.

"हो. गुडघ्यांवरचा भार."

"दोनी?"

"दोन्ही."

काकासाहेबांनी मान हलवली. आपण विज्ञानाची एक बाब सोप्या भाषेत समजावून दिली, या समाधानात नृसिंहराव पुढे गेले. पण त्यांच्या बोलण्यातून गावात पुढे सरकले ते दोनच शब्द. 'गुडघे' आणि 'दोन्ही'. त्या दिवशी ते निम्म्या चढावरूनच परतले, कारण काठीचं ते बर्फाचं कडं करवंदीच्या जाळीत असं अडकलं की ते सोडवण्यातच ऊन वर आलं. परत येईपर्यंत हे दोन शब्द घरोघर जाऊन, पाणी पिऊन, बळकट होऊन बसले होते.

संध्याकाळी सहादेवची बायको मनकर्णा दारात उभी राहिली. हातात नागलीची भाकरी आणि वाडग्यात हुलग्याची वाफाळती शेंगोळी.

"उठू नका," ती म्हणाली. "पायानं अधू मानसानं चुलीपाशी बसायचं म्हंजी काय. म्या हाय की हिथं."

नृसिंहरावांनी तोंड उघडलं. अहो बाई, माझे पाय ठणठणीत आहेत, असं ते म्हणणारच होते. पण मनकर्णा वाडगा ठेवून गेली नाही. ती उंबऱ्यावर टेकली. तिच्या सासऱ्याचे गुडघे कसे गेले, त्यांना शेवटी पाटीत घालून कसं न्यावं लागे, म्हैस कशी आटली, भात यंदा कसा पोचट निघाला, असं ती बोलत राहिली. सहा महिन्यांत त्या खोलीच्या उंबऱ्यावर कुणी बसलं नव्हतं. शेंगोळी फार चांगली झाली होती.

"लई दुखतं का?" तिने विचारलं.

"तसं फार काही नाही," नृसिंहराव म्हणाले.

हे शब्दशः खरं होतं. फक्त ज्या सुरात आजारी माणसं हे वाक्य म्हणतात, तो सूर आपोआप लागला.

तिथून पुढे त्यांच्या हातात काही राहिलं नाही. सोमवारी कचेरीत काठ्यांशिवाय जावं तर लोक विचारणार, म्हणून ते काठ्या घेऊन गेले. हॉटेलात त्यांच्यासाठी खुर्ची झटकली जाऊ लागली. भजनाला काकासाहेबांनी त्यांना खांबाशी टेकून बसायची जागा दिली. कुणी निरगुडीचा पाला आणून दिला, कुणी रुईची पानं, कुणी तिळाच्या तेलाची बाटली. ज्याला त्याला आपापला एक मेलेला नातेवाईक आठवे आणि तो शेवटी कशाने बरा झाला असता हे तो बसून सविस्तर सांगे. नृसिंहराव ऐकत. पाला गुडघ्याला बांधलेला असताना माणसाला दुसरं काही करताही येत नाही.

मग सहादेवाने भिमाजीला आणलं. भिमाजी हाडं बसवण्यात प्रसिद्ध होता. त्याने उजवा गुडघा हातात घेतला.

"हितं दुखतं?"

"नाही."

"हितं?"

"नाही."

भिमाजीच्या दृष्टीने आता प्रश्न अब्रूचा होता. त्याने श्वास ओढून अंगठा असा काही दाबला की नृसिंहरावांना एका क्षणात आख्खा सह्याद्री दिसला.

"दुखतं," ते म्हणाले.

"मंग," भिमाजी समाधानाने म्हणाला. "धरलाय."

त्यानंतर दोन-तीन दिवस नृसिंहराव खरोखरच लंगडत होते, आणि मनाला तेवढीच शांतता होती. पाय बरा झाला तशी पंचाईत सुरू झाली. लंगडणं दिसायला सोपं, पण त्यात सातत्य ठेवणं महाकठीण. मनकर्णाने एकदा अंगणातून हटकलं, "काल डावा पाय वढत हुता न्हवं?"

"दुखणं फिरतं आहे," ते म्हणाले.

"वात," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून भाकरीबरोबर लसणाची चटणी जास्त येऊ लागली.

डोंगर मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. त्यानंतरच्या एका रविवारी पहाटे, मारुतीच्या देवळात बसून येतो असं सांगून ते निघाले. शेवटच्या घरापर्यंत रीतसर लंगडले, ते घर मागे पडल्यावर पाठ सरळ केली आणि झपझप चढू लागले. वेबरसाहेबाचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन काठ्या टेकवत चाललं की चालीला ठेका मिळे, दम कमी लागे, घसरड्या मुरमावर पाय धीराने पडे. करवंदीची जाळी त्यांनी या वेळी लांबून टाळली.

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन नुकतं पसरत होतं. खाली भाताची कापलेली खाचरं, त्यांच्यापलीकडे धुक्यात बुडालेलं प्रवरेचं खोरं, आणि समोर कळसूबाईचं शिखर, हात लांब करावा तर लागेल असं. गावातल्या चुलींचा धूर एकेका छपरातून निघून एकत्र होत होता. नृसिंहराव कितीतरी वेळ बघत राहिले. आणि मग त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की संध्याकाळी मनकर्णाबाई भाकरी घेऊन आल्या की त्यांना हे सांगायचं.

आणि लगेच लक्षात आलं, की सांगता येणार नाही.

ते दगडावर बसले. सगळ्या गावात कुणालाही सांगता येणार नव्हतं. नीलांबरीला पत्रात लिहावं, तर आधी सगळं गुडघेपुराण लिहावं लागलं असतं. आत्तापर्यंत त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते एकटे होते. आता बोलायला गाव होतं, तर बोलण्याजोगी एकच गोष्ट होती आणि ती गिळून बसायची होती. उतरताना ऊन छान होतं, पण त्यांनी ते पाहिलं नाही.

त्या आठवड्यात कचेरीतल्या साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. साहेब माणूस बरा होता.

"निसळ, मला फार वाईट वाटतं. तुम्ही तीन अर्ज केलेत आणि एकातही पायांचा उल्लेख नाही. एवढा स्वाभिमान बरा नव्हे. असं करा, डॉक्टरचा दाखला आणा. पायाने अधू माणसाला डोंगरी भागात ठेवणं बरोबर नाही, असं मी स्वतः वर लिहितो. महिन्याभरात नगरला जाल."

पत्नीची प्रकृती, हवा, मुलीचं शिक्षण, या सगळ्यांनी जे झालं नाही ते दोन धडधाकट गुडघे करणार होते. फक्त त्यांना डॉक्टरसमोर थोडं वाकडं पडावं लागलं असतं. त्या दिवशी ते खोलीचं दार लावून लंगडण्याचा सराव करू लागले, आणि थोड्या वेळाने आरशात स्वतःला बघून कॉटवर बसले. सव्वीस वर्षं नोकरीत काढलेला माणूस होता तो. पंपशूचा आवाजसुद्धा कधी साहेबांच्या दारापुढे केला नव्हता.

इकडे काकासाहेब कोर्टाच्या तारखेला नगरला गेले. गेलेच आहोत तर भाऊसाहेबांच्या घरी डोकवावं, हा त्यांचा चांगुलपणा. तिथे चहा घेऊन, बशी खाली ठेवून ते नीलांबरीबाईंना म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. भाऊसाहेब अजून हिंडत्यात. दोन काठ्यांवर."

नीलांबरीबाईंनी लीनाला शेजारणीच्या हवाली केलं, गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली, संगमनेरला मामेबहिणीकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळच्या गाडीने राजुरात उतरल्या. नवऱ्याच्या खोलीला कुलूप. मनकर्णा म्हणाली, देवळात गेलेत. देवळात कुणी नव्हतं. पुजारी म्हणाला, भाऊसाहेबांना रविवारी सकाळी इथे कधी पाहिलं नाही.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. अधू माणूस, घसरडी वाट, ओढ्याकाठची विहीर. सहादेव आणि मनकर्णा विहिरीत डोकावली. भिमाजी ओढ्याच्या डोहाकडे धावला. काकासाहेबांनी उभ्याने हुकूम सोडले. मनकर्णा अनवाणीच काट्याकुट्यातून डोंगराच्या पायथ्याकडे निघाली आणि तिच्यामागे, पदर खोचून, नीलांबरीबाई, आणि विहीर-डोह रिकामे बघून बाकीचेही.

आणि वरून नृसिंहराव येत होते. उतरण त्यांना आता चांगली साधली होती. दोन्ही काठ्या पुढे टेकवून एकेका दगडावरून ते उडीच घेत होते, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. खाली माणसं दिसली तेव्हा ते निम्म्यावर होते. त्यांनी ओळखलं. आणि मग त्यांनी जे केलं त्याची आठवण पुढे कित्येक वर्षं त्यांना एकटं असताना घाम आणत असे. ते लंगडू लागले. घाईत, त्यातही दोन्ही पायांनी.

ते समोर येऊन उभे राहिले. मनकर्णाचा पाय फाटून रक्त आलं होतं. नीलांबरीबाईंच्या काखेत रबरी पिशवी होती.

पहिला भिमाजी बोलला. "बगितलं का?" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "परवा हात लावला, आन् आज मानूस डोंगर उतरून आला."

लोकांच्या चेहऱ्यांवर हळूहळू उजेड पडला. काकासाहेब म्हणाले, "हाताला गुन हाय गड्या तुझ्या." सहादेवानेही मान डोलावली. नृसिंहरावांपुढे दार उघडं होतं. बरा झालेला माणूस म्हणून ते ताठ मानेने गावात शिरू शकले असते. भिमाजीची कीर्ती अकोल्यापर्यंत गेली असती, आणि कदाचित भाकरीही बंद झाली नसती.

ते मनकर्णाच्या पायाकडे बघत होते.

"भिमाजीचा दोष नाही," ते म्हणाले. "माझे पाय कधी दुखतच नव्हते. मी डोंगरावर फिरायला जातो. तुम्हाला वाटलं अधू आहे, आणि मी बोललो नाही."

भिमाजीने त्यांच्या गुडघ्यांकडे असं पाहिलं, जसं काही त्या गुडघ्यांनी त्याला व्यक्तिशः फसवलं होतं. काकासाहेब टोपी सारखी करून निघाले आणि त्यांच्यामागे बाकीचे. मनकर्णा सर्वांत शेवटी वळली.

"भाकरीचं काय न्हाई," ती म्हणाली. "भाकरी कुत्र्यालाबी घालतो. पर इहिरीत वाकून बगताना माजं काळीज कुठं हुतं, ते तुमाला ठावं न्हाई."

खोलीत आल्यावर नीलांबरीबाई आधी पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "तीन अर्ज केलेत. एकातही खरं कारण लिहिलं नाहीत."

"काय लिहू? करमत नाही?"

"तेच लिहायचं. नामंजूर तरी खरं कारण झालं असतं." त्या पिशवीचं बूच उगीच उघडत-मिटत राहिल्या. "मला तिकडे करमतं असं वाटतं तुम्हाला? लीना अभ्यासाला बसली की मी भिंतीपलीकडच्यांचा रेडिओ ऐकते. आपला लावला तर तिला त्रास होतो."

दुपारच्या गाडीने त्यांना परतावंच लागणार होतं. दोघं गावातून स्टँडवर गेली. वाटेत नृसिंहरावांनी साहेबांच्या दाखल्याची गोष्टही सांगितली. हॉटेलाच्या बाकड्यावरून कुणी रामराम घातला नाही. गाडीत खिडकीशी बसल्यावर नीलांबरीबाई हळूच म्हणाल्या, "साहेब म्हणाले होते, तो दाखला मिळाला असता तर..." आणि तिथेच थांबल्या. दोघांनाही लाज वाटली, आणि दोघांनाही ते नगरचं घर एकदम फार जवळ आल्यासारखं वाटलं. मग कंडक्टरने घंटा मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना खरं सांगितलं. साहेबांनी कागदावर नजर ठेवली आणि पंखा सुरू नसताना "पंखा बंद करा" म्हणाले.

कचेरी सुटल्यावर ते खोलीकडे गेले नाहीत. घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आले. सहादेव आणि मनकर्णा सुपात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मनकर्णाच्या पायाला फडकं बांधलेलं होतं. तिने मान वर केली नाही.

"माफी मागायला आलो," नृसिंहराव म्हणाले.

सहादेवाने एक शेंग सोलून संपवली. "भाऊसाहेब, ह्या अंगनात तुमी आज पैल्यांदा आलात."

नृसिंहरावांनी आठवून पाहिलं. भाडं ते मागच्या दारानेच देत. खरंच होतं.

"मला वाटलं, तुमच्या कामात उगीच कशाला."

"आन् आमाला वाटलं, तुमाला आमच्यात बसाया चालत नसंल," सहादेव म्हणाला. "कचेरीतली मानसं, त्यात बामन. आजारी पडले तवा हिनं धीर करून भाकर आनली. बऱ्या मानसाला इचारायचं कसं?"

नृसिंहराव कट्ट्याशी अवघडून उभे राहिले. सहादेवाने पोतं थोडं सरकवलं. ते बसले, सुपातून एक शेंग उचलली आणि सोलू लागले. हेडक्लार्कच्या बोटांना ते काम नवीन होतं. दाणे निसटून अंगणात उडत होते. ऊन कलून गोठ्याच्या कुडावर गेलं.

"किडकं हिकडं टाका," मनकर्णा खालच्या मानेनेच म्हणाली. "चांगल्यात मिसळू नका."

"बरं," नृसिंहराव म्हणाले, आणि सुपावर वाकून एकेक दाणा निरखू लागले.